अकरा पडद्यांचा रस्ता

सुखदेव पेंटरशी बोलायचं तर त्याच्या उजव्या बाजूला उभं राहावं लागायचं. डावीकडून आलेला माणूस त्याला दिसतच नसे. नवीन गिऱ्हाईक डावीकडून यायचं, पाच मिनिटं आपल्या बोर्डाचं गाऱ्हाणं गायचं, आणि हा आपला ब्रश चालवत बसायचा. मग ते चिडून समोर आलं की मान वळवून म्हणायचा, "कवा आले जी तुम्ही? बसा ना."

डावा डोळा गोटमारीत गेलेला. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, आणि ते मिळवायला अलीकडून पांढुर्ण्याचे नि पलीकडून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. का फेकतात ते मला विचारू नका. मी जन्म तिथं काढला, मला अजून कळलेलं नाही. सुखदेव तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पुढं त्यानं लग्न केलं ते सावरगावच्याच मुलीशी, आणि कोणी त्यावरून छेडलं की म्हणायचा, "एक डोया घेतला, एक बायको देली. बरोबर झालं."

हे 'बरोबर झालं' त्याचं नेहमीचं. बोर्ड लिहून झाला की दोन पावलं मागं सरायचा, मान तिरपी करायचा आणि स्वतःलाच सांगायचा, बरोबर झालं. झालेलं नसलं तरी. आमचं राज्य हिंदीवाल्यांचं, त्यामुळं आमच्याकडं माणसं बोलतात मराठी आणि बोर्ड लागतात हिंदीत, आणि सुखदेवची हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. एका चक्कीवाल्याला त्यानं लिहून दिलं, 'यहाँ मसाला पिसकर रहेगा.' त्याच्या मनात होतं 'पिसून राहिला', म्हणजे आपलं साधं, दळणं चालू आहे. पण हिंदीत त्याचा अर्थ असा झाला की काही झालं तरी मसाला दळल्याशिवाय सोडणार नाही. बैतूलकडचा एक ट्रकवाला ते वाचून हसत हसत खाली बसला. चक्कीवाला सुखदेवशी भांडायला आला, तर हा म्हणतो, "मंग? नाई पिसनार का तुम्ही?" बोर्ड तसाच राहिला. लोक तो बघायला यायचे आणि जाताना तिखट दळून न्यायचे.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधे एक फळी, तीही अर्धी. माझा स्वभाव तिरसट आहे, हे मला मान्य आहे. दिवसभर खोटारड्या माणसांत बसून दुसरं काय होणार? घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणतो, पडलं नाही, आपोआप बंद झालं. त्या सगळ्यांत खोटं न बोलणारा माणूस म्हणजे फळीपलीकडचा सुखदेव. तो मला वामनभाऊ म्हणायचा, वयानं मोठा असून. गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर त्यानं पिंपळ काढला होता, त्याची पानं मी एकदा मोजायला लागलो आणि कंटाळून सोडून दिली. दोन पानं सारखी नव्हती.

आता त्याच्या मुलीचं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मला तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढंच सांगतो.

कुंदा नाव होतं. एकुलती एक, सात वर्षांची. सुखदेव तेव्हा खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर सरकारी जाहिराती रंगवायचा आणि रामाकोन्याच्या अलीकडं, बायकोच्या मावशीकडं, बिऱ्हाड करून राहिला होता. पावसाळ्यात मायलेकींना एकदमच ताप भरला. पोरीचा ताप डोक्यात गेला. नाल्याला पूर, बस बंद, बैल पाण्यात घालायला कोणी तयार नाही. दिवेलागणीला त्यानं पोरीला पाठीशी बांधलं, हातात टॉर्च घेतला आणि सौंसरच्या दवाखान्याकडं चालत निघाला. त्याची बायको, आमची कौसल्यावहिनी, अंथरुणातून उठू शकत नव्हती, ती मागं राहिली. वाटेत पोरगी विचारायची, "बाबा, पोचलो का?" आणि हा म्हणायचा, "पोचून राहिलो, बाई."

पुण्यामुंबईच्या माणसाला आमचं हे बोलणं कळत नाही. त्यांच्याकडं 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि मुक्काम केला. आमच्याकडं येऊन राहिला म्हणजे अजून यायचाच आहे. पोचून राहिलो म्हणजे पोचलेलो नाही. ती सात वर्षांची पोर तिथलीच होती, तिला ते बरोबर कळत होतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारायची. मग तिनं विचारणं बंद केलं. याला वाटलं, झोपली. दवाखान्याच्या पायऱ्या चढला तेव्हा पोरगी गार होती.

हे मला कौसल्यावहिनीनं सांगितलं, पापड वाळवता वाळवता, माझ्याकडं न बघता. सुखदेवनं कधीच नाही. त्यांना पुढं मूल झालं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. एक दिवस सुखदेव फळीवरून वाकून म्हणाला, "वामनभाऊ, एकामागून एक पडदा वर जाईन, असं काई करता येते का जी? चावीवर?"

मी म्हटलं, नाही. मी आधी नाहीच म्हणतो. आठवड्यानं मी माझी जुनी भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग घेऊन त्याच्या दुकानात बसलो होतो.

त्यानं एक लाकडी पेटी केली होती, सात-आठ फूट लांब, गुरांच्या गव्हाणीएवढी. आत एकामागं एक अकरा पुठ्ठ्यांचे पडदे, प्रत्येकात झाडं, झुडपं, चिखल कापून रंगवलेला. पुढच्या बाजूला एकच छिद्र, वर काळ्या कापडाची खोळ. खोळीत डोकं घालायचं आणि एका डोळ्यानं बघायचं. चावी दिली की पहिला पडदा सर्र करून वर जायचा आणि आपण झाडांमधून एक पाऊल पुढं गेल्यासारखं व्हायचं. मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी वरून बघितलं तर नुसते पुठ्ठे. त्या छिद्रातून बघितलं तर रस्ता. मी जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. सुचलं त्याला, कारण त्याला सगळं जगच तसं दिसायचं.

पहिल्या पडद्यावर संध्याकाळ होती. शेवटच्यावर पार अंधार. मधे मधे झुडपांत डोळे चमकायचे, लाल काचेचे मणी नि मागं सेलवरचा बारका दिवा. कोल्हा, लांडगा, काय असेल ते. छिद्राखाली दांडीवर एक टॉर्च बसवलेला होता. तो त्यांच्यावर नेम धरून दाबला की आतली सळई पुढं जायची, पत्र्याची पट्टी खट्कन पडायची, डोळे विझायचे. अकरावा पडदा वर गेला की समोर एक दार, दाराच्या वर पिवळा दिवा. संपलं. सातव्या पडद्यावर मैलाचा दगड बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कोणता रस्ता आहे. दगडावर 'सौंसर' लिहिलेलं होतं. मी स्प्रिंगला तेल घातलं.

नेम लागो की चुको, पडदे वर जायचेच. खेळात हरायची सोयच नव्हती. त्याला एवढंच पाहिजे होतं की जो कोणी खोळीत डोकं घालेल तो दिव्यापर्यंत पोचला पाहिजे. दुसरं काही नाही. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आवाजासाठी त्यानं कवडू मास्तरांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. हे मास्तर प्राथमिक शाळेत होते, आणि गावात टेपरेकॉर्डर घेणारे पहिले मास्तर होते, त्यामुळं त्यांचा थाट वेगळा. सुखदेवनं पाठीवर चुन्याचं पोतं बांधलं आणि नदीकाठच्या चिखलातून तासभर चालला, टेप छातीशी धरून. गावानं बघितलं. दोन बायांनी वहिनीला येऊन सांगितलं की तुमच्या घरच्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. कॅसेटमध्ये काय होतं? बेडूक, रातकिडे, चिखलातले पाय, आणि सगळ्यावर एक दम. जड, लागलेला. खोळीत डोकं घातलेला माणूस पहिल्यांदा हमखास मागं वळून बघायचा, कोण उभं आहे म्हणून. मग थोड्या वेळानं त्याचा स्वतःचा दम त्याच तालात चालू व्हायचा. मी बाजूला उभा राहून हे बघितलेलं आहे, सांगोवांगी नाही.

लोक यायला लागले. बसची वाट बघणारे, बाजाराला आलेले, मोहगावचे संत्रीवाले. आणि आमच्या ओट्यावर जो वाद सुरू झाला, तो दोन वर्षं चालला. एका बाजूला कवडू मास्तर, दुसऱ्या बाजूला गुलाब. हा गुलाब सावरगावचा, कापसाच्या जिनात कामाला, आणि गोटमारीत त्याच्यासारखा नेम नदीच्या दोन्ही काठांवर कोणाचा नव्हता. त्यानं पहिल्याच खेपेला सगळे डोळे विझवले आणि खोळीतून बाहेर येऊन तोंड वाकडं केलं.

"हा खेळ व्हय का? एकच रस्ता. डावीकडं वळाचं नाई, उजवीकडं वळाचं नाई, थांबाचं नाई. पडदे आपल्या मतानं वर जाऊन राहिले. मी डोये मिटून बसलो असतो तरी पोचलो असतो. मंग मी केलं काय?"

"तू घाबरला," मास्तर म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो. तुझा पाय हालत होता."

"पाय मुंग्यांनी हालला."

"गुलाब, माहोल पाह्य ना, माहोल. पयल्या पडद्यात उजेड हाये, शेवटी अंधार हाये. मधात कुठी अंधार पडला थे सांगून दाखव मले."

"माहोल काय चाटाचा हाये का, मास्तर? खेळात माणसाच्या हातात काई पायजे."

"तुझ्या हातात टॉर्च होता."

"टॉर्चनं कोनी लांडगा मारते का? बंदूक पायजे."

सुखदेव हे सगळं ऐकत ब्रश धुवायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं टॉर्चभोवती लाकडाची बंदूक बसवली. "लोकाइले बंदूक पायजे," मला म्हणाला. "असू द्या. उजेड तं तोच हाये." गुलाब खूश झाला. मास्तर दोन दिवस रुसले. ते म्हणत, टॉर्च होता तोवर डोळे पळून जात होते, आता मरतात. मला तेव्हा हा शाळामास्तरी कीस वाटला होता.

मग गुलाबनं दुसरा मुद्दा काढला. सहाव्या पडद्याशी रस्ता फुटू दे. एक नाल्याकडं, एक जंगलाकडं. ज्याला जिकडं जायचं तो तिकडं जाईल. एरवी हा खेळ एकदा बघितला की झाला, रोज रोज तेच काय? यावर मास्तर म्हणाले की मी चौदा वेळा बसलो आणि चौदाही वेळा मैलाच्या दगडाशी माझ्या पोटात गोळा आला, मला ठाऊक असूनही आला, ठाऊक होतं म्हणून जास्त आला. आणखी दहा जणांनी दहा मतं दिली. कोणी म्हणे दोन रस्ते कर, कोणी म्हणे वाघ टाक, कोणी म्हणे शेवटी दारात एखादी नटी उभी कर. सुखदेवनं एकदाच तोंड उघडलं.

"दुसरा रस्ता नोहता," म्हणाला.

"नोहता तं बनव ना, पेंटर. पुठ्ठाच तं हाये."

"नाई," सुखदेव म्हणाला आणि उठून आत गेला. गुलाबला वाटलं, कलाकार माणूस, माज आला. तो तसं बोलूनही दाखवत होता. मी त्याच्यावर खेकसलो, पण का खेकसलो ते सांगू शकलो नाही.

त्याच सुमारास नागपूरला कॉलेजात शिकणारा दिनू सुट्टीत आला. त्यानं तिथं टीव्हीवरचा खेळ बघितला होता, त्यामुळं त्याच्या बोलण्याला वजन होतं. तो सुखदेवला समजावत होता, "काका, तथी तीन जीव भेटतात. एक मेला की दुसरा. तिन्ही गेले की खेळ खलास."

सुखदेवनं मान वळवून त्याच्याकडं नीट बघितलं. "तीन? एका मानसाले?"

"हो ना. अन् तिन्ही गेले तरी काई नाई, पुन्हा पयल्यापासून सुरू कराचं."

"पुन्हा? तोच मानूस?"

"तोच."

सुखदेव परत बोर्डाकडं वळला. दिनूला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही. तो परत सांगायला लागला. मी त्याला चहा आणायला पाठवून दिलं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुखदेव नागपूरला डोळा दाखवून आला. उरलेला. काचबिंदू निघाला. मला सांगताना हसत होता. "डाक्टर म्हने, कडंकडंनं अंधार येत जाईन, मधातलं शेवटी जाईन. म्हंजे छिद्रातून पाहिल्यासारखं. मले तं सवयच हाये जी." मी त्याला म्हटलं, ऑपरेशन? तर म्हणे, गेलं ते येत नाही. औषध टाकत राहायचं. बोर्डांच्या कडा त्याच्या तेव्हाच वाकड्या यायला लागल्या होत्या.

आणि अशात तो मेळेवाला आला. छिंदवाड्याकडचा, आकाशपाळणा नि मौत का कुआँ घेऊन गावोगाव फिरणारा. त्यानं खोळीत डोकं घातलं, बाहेर आला आणि म्हणाला, "चीज बढ़िया है. पर इसमें हार नहीं है. हार नहीं तो दूसरी बार कौन बैठेगा?" हरायची सोय करून दिली तर तो पेटी हंगामभर सगळ्या मेळ्यांतून फिरवणार होता. रामाकोना, सौंसर, मोहगाव, पार मुलताईपर्यंत.

सुखदेव नाही म्हणाला. एकदा, दोनदा, तीनदा. मग मी मधे पडलो.

आता इथून पुढचं मला सांगायचं नाही, पण सांगतो. माझ्या अंगात त्या दिवशी शहाणपण आलं होतं. मी त्याला म्हटलं, "सुखदेवभाऊ, इथं आपल्या ओट्यावर किती लोक येऊन राहिले? मेळ्यात हजारो बसतील. नेमाचा माणूस पोचेलच ना. तीन डोळे सुटले तरच दिवा विझेल, एवढंच करतो. एक बारकी पट्टी. उद्या तुम्हाला दिसायचं बंद झालं तर ही पेटी उंदरांनी खायची का?" हे शेवटचं वाक्य मी बोललो. त्याच्या तोंडावर बोललो.

त्यानं ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाला, "करा जी. तुमाले वाटते तं करा."

मी दोन दिवसांत पट्टी बसवली. काम सुंदर झालं होतं, त्याला इलाज नाही, माझा हात तसाच आहे. तीन चुका झाल्या की चाकाचा एक दात सरकायचा, आणि शेवटचा पडदा वर गेल्यावर दिवा क्षणभर दिसून विझायचा. क्षणभर दाखवायचं डोकं माझंच. म्हटलं, हरलेल्याला चुटपुट लागली पाहिजे, म्हणजे तो परत बसेल.

दुपारी मी सुखदेवला म्हटलं, बसून बघा. त्यानं खोळ डोक्यावर घेतली. मी चावी दिली. पहिला डोळा त्यानं विझवला. दुसरा त्याच्या कडेला होता, तो त्याला दिसलाच नाही. पुढं आणखी एक सुटला. मग आणखी एक. मी मनात मोजत होतो, पण स्प्रिंग सुटलेली होती, मधे थांबवता येत नव्हती. अकरावा पडदा वर गेला. खट्.

सुखदेव खोळीतून बाहेर येईना. मी हाक मारली. आतूनच त्याचा आवाज आला, अगदी साधा, बोर्ड लिहून झाल्यावर यायचा तसा.

"बरोबर झालं," म्हणाला. "असंच झालं होतं."

"काय झालं होतं, भाऊ?"

"दवाखान्याचा दिवा दिसला होता मले. तिले म्हटलं, बाई, तो पाह्य दिवा. अन् तेवढ्यात गावची लाइट गेली. पावसात जाते ना. मंग मले दिशाच कळे ना. कुठी कुठी फिरलो चिखलात. लाइट परत आली तवा मी उलटा चालून राहिलो होतो."

मला हे माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. आख्ख्या जगात ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मी माझ्या बारीक कानशीनं घासून, तेल घालून, ते त्याला परत करून दाखवलं होतं. मी म्हटलं, आत्ता काढतो ती पट्टी, या मिनिटाला काढतो. मी पेचकस हातात घेतलासुद्धा. त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या. माणसाले शबूद देला आपन."

आणि मी राहू दिली. हे मला मेल्यावरच सोडेल.

मेळ्यात पेटी तुफान चालली. गुलाब सौंसरला मुद्दाम जाऊन आला आणि सांगत सुटला की आता खरा खेळ झाला, माणसं रांगा लावून हरून राहिली. मास्तरही एकदा गेले. तीन डोळे चुकवले, दिवा विझलेला बघितला आणि तडक बस धरून परत आले. माझ्या दुकानाशी उभे राहून म्हणाले, "वामनराव, आता त्याच्यात नुसता नेम राहिला." एवढं बोलून घरी गेले. सुखदेवनं विचारलं नाही की पेटी कशी चालली आहे. तो ओट्यावर बसून राहायचा, कोणी आलं की आवाजावरून नाव सांगायचा, आणि बरोबर निघालं की लहान मुलासारखा खूश व्हायचा. पुढच्या पोळ्यापर्यंत मधातलंही गेलं. आता माणूस कुठल्याही बाजूला उभा राहिला तरी चालत होतं.

हंगाम संपला, मेळेवाल्यानं पेटी टेम्पोतून आणून टाकली. कोपरे फुटलेले, चार पडदे फाटलेले, मण्यांपैकी निम्मे गेलेले, बंदुकीचा घोडा तुटलेला. कॅसेट तर कोणी पळवली होती. मी दुकान बंद ठेवून आठ दिवस ती पेटी दुरुस्त केली. पट्टी काढली, आणि नुसती काढली नाही, हातोडीनं सपाट करून गटारात फेकली. फाटलेले पडदे मी माझ्या हातानं चिकटवले. मला झाड काढता येत नाही, तिथं नुसता काळा रंग भरला.

मग मी सुखदेवला बोलवायला गेलो. वहिनी त्याचा हात धरून घेऊन आली. दुपारची वेळ होती, ओट्यावर कोणी नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, पयल्यासारखी केली. बसा."

"मले काय दिसनार जी?"

"बसा तर."

तो बसला. खोळ डोक्यावर घ्यायचं कारण नव्हतं, तरी घेतली. मी चावी दिली. पहिला पडदा सर्र करून वर गेला आणि सुखदेवनं बंदूक उजवीकडं नेऊन घोडा दाबला. खट्. डोळे विझले. दुसऱ्या पडद्याला थांबला. तिसऱ्याला डावीकडं, खाली. खट्. रस्ता एकच होता ना. कुठं काय आहे ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. एकही डोळा सुटला नाही. मी गुलाबला बोलवून आणायला पाहिजे होतं, तोंडावर दाखवायला पाहिजे होतं त्याच्या. टेप नव्हता, तरी खोळीतून दम ऐकू येत होता. वहिनी पेटीच्या मागच्या टोकाशी उभी होती. तिथली एक फळी मी अजून ठोकली नव्हती, तिच्या फटीतून आतलं दिसत होतं.

अकरावा पडदा वर गेला. सुखदेवनं बंदुकीवरचा हात काढला.

आणि मला वरून दिसलं की दाराच्या वरचा दिवा लागलेला नाही. सगळ्या डोळ्यांमागचे सेल मी बदलले होते. दिव्याचा वेगळा असतो, तो विसरलो. आठ दिवस राबून मी तेवढंच विसरलो. वहिनीलाही फटीतून दिसलं असणार, कारण तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

आतून सुखदेवचा आवाज आला. "वामनभाऊ, लागला का दिवा?"

मी खिशात दुसरा सेल चाचपायला लागलो.

वहिनी पेटीला वळसा घालून पुढं आली. तिनं त्याच्या डोक्यावरची खोळ हळूच मागं सारली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लागला जी," ती म्हणाली. "पोचलो आपन. आता उतरवा तिले खाली."

सुखदेव स्टुलावरून उठला. गुडघे वाकवून जमिनीवर उकिडवा बसला, दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बराच वेळ तसाच बसून मग एक एक करून सोडले.